याकूबभाईंचे चोवीस थांबे

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर ईराने मध्येच विचारलं, "आजी, तो रॅट अंकल चांगला माणूस होता की वाईट?" तिला जीवशास्त्राच्या तासासाठी प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल निबंध लिहायचा आहे, आणि तिच्या आईने तिला इतकंच सांगितलं होतं की आजीच्या लॅबमधल्या एका माणसाने अख्खा प्रयोग बिघडवला. मी म्हटलं, नीट लिहून पाठवते. तेव्हापासून तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा उठले. एकदा गॅस बंद केला का ते बघायला, एकदा गच्चीवरचे कपडे आणायला. तिसऱ्या वेळी तर काही कारणही नव्हतं. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते गृहस्थ कधी बसायचे नाहीत, त्याचाच हा परिणाम असावा.

आधी जागा सांगते. दोह्यातलं आमचं मदिनत खलीफामधलं घर, ईरा आणि अर्णव, तुम्ही दोघा भावंडांनी पाहिलं आहे. तिथून गाडीने वीस मिनिटांवर एक संशोधन संस्था आहे. तिचं नाव मी लिहीत नाही. तिच्या तळमजल्यावर प्राणिगृह होतं आणि तिथल्या नोंदी ठेवण्याचं काम मी सात वर्षं केलं. पांढरे उंदीर, त्यांची वजनं, त्यांच्यावर झालेल्या शस्त्रक्रिया आणि शेवट. सगळं छापील तक्त्यात, काळ्या शाईने.

प्रयोग बहुतेक यकृताचे असायचे. अर्णव, यकृत म्हणजे लिव्हर. मोठ्या अवयवांमध्ये हे एकच असं, की उंदराचं दोन तृतीयांश यकृत कापून काढलं तरी उरलेलं वाढून आठ-दहा दिवसांत जवळजवळ मूळच्या वजनाला येतं. कापलेला तुकडा परत फुटत नाही. जो उरतो तोच मोठा होतो आणि गेलेल्याचं काम उचलतो. माणसातही असं होतं, फक्त वेळ जास्त लागतो. हे कसं घडतं, कशाने लवकर घडेल, कशाने थांबेल, यासाठी ते उंदीर जन्मायचे, वाढायचे, कापले जायचे, बरे व्हायचे आणि मग मारले जायचे. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

त्या उंदरांची देखभाल याकूबभाई करायचे. दापोलीच्या पुढे खाडीकाठी त्यांचं गाव. या गोष्टीच्या वेळी वय अठ्ठावन्न, अंगाने काटक, दाढी मेंदीने लालसर. कतारमध्ये बावीस वर्षं झाली होती आणि मुऐदरमध्ये एका जुन्या व्हिलात आठ जणांबरोबर ते राहायचे. त्यांची एकच इच्छा होती. ती ते पहिल्या आठवड्यातच मला सांगून मोकळे झाले. "साठ पुरी करून जायचं, बाई. साहेबांच्या हातून हार घालून घ्यायचा, फोटो काढायचा. आमच्या जेटीवर चहाची टपरी हाय. गल्फवरून कोण कसा आला ते तिथं बसल्या बसल्या ठरतं. रजेवर आला, का सुटून आला, का काढून टाकला. मना काढून टाकलेला म्हणून त्या टपरीसमोरनं जायचं नाय."

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारातून परत पाठवलं होतं. मी नवी साडी नेसून आणि थोडं अत्तर लावून गेले होते. नोकरीचा पहिला दिवस, म्हटलं नीटनेटकं जावं. याकूबभाईंनी दार अर्धंच उघडलं, नाक वर केलं आणि म्हणाले, "बाई, हे धुवून या."

"काय धुवून?"

"हा वास. हे लोक आज जेवायचे नाहीत. तुमाला एक दिवसाचा वास, त्यांना आठवडाभराची धास्ती."

मी टॅक्सी करून घरी आले, अंघोळ केली, सुती कपडे घातले आणि परत गेले. तुमच्या आजोबांना वाटलं, पहिल्याच दिवशी काढलं बहुतेक. दुसऱ्यांदा याकूबभाईंनी दार पूर्ण उघडलं आणि पहिला नियम सांगितला. पिंजऱ्याच्या झाकणाला हात लावण्याआधी बोटाच्या मागच्या बाजूने दोनदा टकटक करायचं. "आधी कळवा, मग हात घाला. तुमी झोपलेले असाल आणि वरनं कुणी पंजा घातला, तर तुमाला कसं वाटंल?" हे ते सगळ्यांना सांगायचे. मोठ्या डॉक्टरांना, सफाईवाल्यांना, पाहणीला आलेल्या समितीच्या लोकांनाही. इंग्रजीत म्हणायचे, "फर्स्ट इन्फॉर्म, देन हॅन्ड."

दुसरी गंमत थांब्यांची. शस्त्रक्रिया झालेले उंदीर एकेका पिंजऱ्यात एकटे ठेवायचे असतात. एका मांडणीवर चोवीस पिंजरे. मी त्यांना आकडे दिले होते. याकूबभाई आकडे मानायचे नाहीत. त्यांचे वडील एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे सगळा रस्ता याकूबभाईंना तोंडपाठ होता. पहिला पिंजरा म्हाप्रळ. मग मंडणगड, पालगड, दापोली, खेड, असं करत करत चिपळूण, संगमेश्वर, आणि चोविसावा रत्नागिरी. सकाळी मी वही घेऊन बसले की त्यांचं सुरू व्हायचं. "पालगडला पाणी कमी प्यायलंय. खेडचा चांगला हाय, भुसा उकरतोय. सावर्ड्याचं नाक लाल दिसतंय, त्याला काहीतरी होतंय." उंदराला त्रास झाला की डोळ्यांच्या आणि नाकाच्या कडेला लालसर ओल येते. ते रक्त नसतं, पण दिसतं तसंच. ही ओल डॉक्टरांच्या आधी याकूबभाईंना दिसायची.

मी एकदा विचारलं, उंदरांनाच का नावं देत नाही? ते तेव्हा एका हाताने बाटल्या भरत होते आणि पायाने भुशाचं पोतं सरकवत होते. न थांबता म्हणाले, "पॅसेंजर उतरतो, बाई. स्टॉप राहतो. उतरणाऱ्याला नाव दिलं की मग आपल्यालाच जड जातं."

आणि खरंच, ते थांबायचे नाहीत. जेवायचे उभ्याने, कट्ट्याला टेकून, डबा हातात धरून. फोनवर बोलताना मांडणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. काही काम नसलं तर धुतलेले पिंजरे पुन्हा धुवायचे. मी म्हणायचे, "याकूबभाई, दोन मिनिटं बसा हो, मला बघूनच दम लागतो." ते म्हणायचे, "बसलो की डोकं चालायला लागतं. त्यापेक्षा पाय चाललेले बरे."

एका ऑगस्टमध्ये थंड हवेचं यंत्र दुपारी बंद पडलं. बाहेर पन्नास अंशांच्या आसपास. दुरुस्तीवाला "इन्शाल्ला, एका तासात" म्हणाला आणि चार तासांनी आला. त्या चार तासांत याकूबभाईंनी कॅन्टीनमधल्या बर्फाच्या सगळ्या बाटल्या पळवल्या, टॉवेलांत गुंडाळून प्रत्येक पिंजऱ्याला टेकवल्या, आणि दर दहा मिनिटांनी म्हाप्रळपासून रत्नागिरीपर्यंत फेरी मारत राहिले. कॅन्टीनचा मल्याळी मॅनेजर भांडायला आला. याकूबभाईंनी त्याच्याही हातात दोन बाटल्या दिल्या आणि हिंदीत म्हणाले, "चिपळूण और सावर्डा तुम संभालो." तो बिचारा बाटल्या घेऊन उभा राहिला. त्या दिवशी एकही उंदीर गेला नाही.

तुम्ही दोघं त्यांना भेटला आहात. तुम्ही ईदला आला होतात तेव्हा ते आपल्याकडे शीरखुर्मा घेऊन आले होते, आठवतंय? अर्णव सात वर्षांचा होता. त्याने सरळ विचारलं होतं, "डू यू किल देम?" तुमच्या आईने त्याला दटावलं. याकूबभाई मात्र खोलीत फेऱ्या मारायचे थांबले, त्याच्यासमोर उकिडवे झाले आणि म्हणाले, "येस. डॉक्टर किल. आय होल्ड." मग म्हणाले, "आय ऑल्सो गिव्ह ब्रेकफास्ट." अर्णवला ते पटलं असावं. त्याने त्यांना आपली गाडी खेळायला दिली.

आता त्या प्रयोगाकडे येते. इथवर पोचायलाच मला तीन दिवस लागले.

डॉक्टर सलमा ही सुदानची मुलगी. वय तिशीच्या आसपास, हुशार, भराभर बोलणारी. वाळवंटात मिळणाऱ्या एका झुडपाच्या अर्काने यकृत लवकर वाढतं का, हे ती तपासत होती. झुडपाचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. बारा उंदरांना अर्क द्यायचा, बारांना नुसतं पाणी. अर्कवाल्यांच्या पिंजऱ्यावर हिरवं कार्ड, पाणीवाल्यांच्या पिंजऱ्यावर पांढरं. सगळ्यांचं यकृत दोन तृतीयांश कापायचं, सात दिवस थांबायचं, मग मारून उरलेल्या यकृताचं वजन करायचं. रोज सहा उंदीर, असं चार दिवस. एक नियम कडक. वजनाच्या आदल्या संध्याकाळी खाद्य काढून घ्यायचं आणि उंदरांना रात्रभर उपाशी ठेवायचं. कारण खाल्लं की यकृतात साखरेचा आणि पाण्याचा साठा भरतो आणि ते जड होतं. वाढ कुठली आणि जेवण कुठलं, हे मग काट्यावर कळत नाही.

एरवी रमजानमध्ये असले प्रयोग बंद असायचे. त्या वर्षी अर्क उशिरा तयार झाला आणि चारही दिवस रमजानमध्येच आले.

निकाल बघून सलमा नाचायचीच बाकी होती. हिरव्या कार्डाची यकृतं बरीच जड भरली होती. इफ्तारला तिने सगळ्यांसाठी कुनाफा ही अरबी मिठाई आणली, याकूबभाईंना पहिला तुकडा दिला आणि म्हणाली, "हे तुमच्या हातांचं काम आहे, चाचा. तुम्ही त्यांना जपलंत म्हणून." याकूबभाईंनी तुकडा घेतला. खाल्ल्याचं मात्र मला आठवत नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे त्यांचे पाय नुसते सुटले होते. धुतलेले पिंजरे तिसऱ्यांदा धुवायचे. मी काही विचारलं की "काय नाय, बाई" म्हणत पुढच्या खोलीत जायचे. त्याच सुमारास त्यांच्या दोन वर्षांच्या नव्या कराराचं पत्र आलं. म्हणजे साठ पुरी होणार, हार मिळणार. पत्रावर नुसती सही करायची होती. त्यांनी ते घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि रोज त्याच खिशातून घेऊन फिरत राहिले. मनुष्यबळ विभागातल्या मुलीने मला दोनदा फोन केला, "मॅडम, त्यांना सही करायला सांगा ना, खलास होईल माझं काम." मी सांगितलं. ते म्हणाले, "करतो."

मग एका दुपारी माझ्या टेबलावर दोनदा टकटक झाली.

याकूबभाई समोर उभे होते. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, आत हिरवट काळं पाणी. ती त्यांनी माझ्या वहीच्या शेजारी ठेवली.

"बाई, हे माणसाने पिलं तर काय होईल?"

"आहे काय हे?"

"ते झुडूप. सदाशिवने उकळलंय. आठ दिवस झाले पितोय, मना आज कळलं."

सदाशिव हा त्यांच्याच खोलीतला. मंगळवेढ्याकडचा, सिमेंटच्या ट्रकवर ड्रायव्हर, चाळिशीचा. त्याच्या लिव्हरला सूज आहे असं दवाखान्यात सांगितलं होतं आणि गोळ्या दिल्या होत्या. कुनाफ्याच्या आदल्या रात्री, निकाल नुसता कानावर आला तेव्हा, याकूबभाईंनी खोलीत अभिमानाने सांगितलं होतं की आमच्या डॉक्टरनं झुडपातनं लिव्हर वाढवलं. ईद झाल्यावरच्या एका शुक्रवारी सदाशिव मित्राच्या पिकअपमधून उत्तरेला अल रुवैसकडे गेला आणि रस्त्याच्या कडेचं ते झुडूप पोतं भरून घेऊन आला. गोळ्या बंद करून हे सुरू केलं.

मी म्हटलं, फोन लावा. त्यांनी लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सदा, ते पाणी ओतून टाक."

"का वो चाचा? आता कुठं जरा भूक लागायला लागलीय."

"भूक रमजान संपला म्हणून लागतेय. सगळा रूम दिवसा जेवतोय ना आता. ओत म्हणतो ना."

"आसं कसं ओत? उंदराला देता आन् माणसाला नाय व्हय? आमी उंदराहून खालचे का काय?"

मी मध्ये पडले. "सदाशिव, मी लॅबमधली बाई बोलतेय. गोळ्या का बंद केल्यात?"

"म्याडम, गोळ्यांनी सूज उतरंल म्हणले, वाढंल कुणी न्हाई म्हणलं. ह्यांच्या उंदराचं तर वाढलं म्हणत्यात. चाचा काय खोटं बोलायचं न्हाईत."

हे ऐकून याकूबभाईंनी फोनच बंद केला. मग एकदा दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा दारापर्यंत गेले. शेवटी मला पाठ करून उभे राहिले आणि बोलले.

"वाढलं नाय, बाई. मी जेवायला दिलं होतं."

मला कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. रमजानमध्ये ते पहाटे सेहरी, म्हणजे रोज्याआधीचं जेवण, करायचे, नमाज पढायचे आणि कंपनीच्या पहिल्या बसने थेट प्राणिगृहात यायचे. एरवी संध्याकाळी खाद्य काढून ते घरी जायचे आणि उंदरांची उपाशी रात्र त्यांना दिसायची नाही. त्या चार पहाटे दिसली. "माझं पोट भरलेलं, बाई. आत्ताच अंडं-पाव खाऊन आलेला. आणि हे कुबड काढून, केस फुलवून कोपऱ्यात. रोजा माझ्यावर हाय. त्यांच्यावर कुठं हाय? सगळ्यांना नाय दिलं. जे अगदीच वाकून बसलेले त्यांनाच खाद्याच्या दोन-दोन कांड्या टाकल्या. सात वाजता उरलेलं उचललं. मना वाटलं, उपाशी ठेवतात ते कापायला सोपं जावं म्हणून. वजनाचा हिशोब मना कुणी सांगितला नव्हता." मग म्हणाले, "नाय, सांगितला असंल. मी ऐकला नसंल."

"आणि निकाल लागल्यावर?"

"कुनाफ्याच्या वेळी डॉक्टर बोलली, हिरवे वाढले, पोट रिकामं होतं म्हणून वजन खरं. मना आठवलं, मी दिले ते बहुतेक हिरवेच. पण मी कार्ड बघून नाय दिलं, बाई. पाठ बघून दिलं." त्यांनी खिशातलं पत्र काढलं, बघितलं, परत ठेवलं. "तीन आठवडे झाले. म्हटलं, कागदावरच तर हाय, कुणाचं काय जातंय. आता तो पितोय."

इथे मला माझंही सांगायला हवं. मी जुना तक्ता काढला. त्यात एक रकाना होता, पोट: रिकामे की भरलेले. मारल्यावर तो बघून भरायचा असतो. त्या चार दिवसांत सलमा भराभर वजनं सांगत होती, पोटाचं कुणी काही बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. सगळे उपाशी असणारच, म्हणून मी चोवीसही ओळींत 'रिकामे' वर खूण केली होती. सुंदर, एकसारख्या चोवीस खुणा. शाळेत नन्स माझ्या वहीचं कौतुक करायच्या, तशाच.

आम्ही दोघं सलमाकडे गेलो. याकूबभाईंनी तिच्याही टेबलावर दोनदा टकटक केली. त्यांच्या हिंदी-अरबी-इंग्रजीत त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी माझ्या खुणांचं मी सांगितलं. सलमाने समोरचा तक्ता ओढून घेतला. मग तिने विचारलं, "कोणकोणत्या?"

याकूबभाई डोळे मिटून म्हणायला लागले, "पालगड. दापोली. खेड. भरणे नाका. चिपळूण..." मी शेजारी बसून थांब्याचा आकडा आणि आकड्याचं कार्ड लिहीत गेले. अकरा नावं झाली. दहा हिरवी, एक पांढरं.

सलमाने तो कागद बराच वेळ बघितला. मग इंग्रजीत, अगदी हळू म्हणाली, "म्हणजे ते माझ्या औषधाने वाढलं नाही. नाश्त्याने वाढलं."

याकूबभाई पहिल्यांदाच एका जागी उभे होते, फक्त उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू होती. सलमाने पुन्हा कागद बघितला आणि अचानक विचारलं, "पण तेच का वाकून बसले होते, चाचा? पांढऱ्या कार्डाचे का नाही?"

"ते मना काय माहीत? ते आजारी दिसत होते."

"किती दिवस?"

"अर्क सुरू झाल्यापासून. म्हाप्रळ आणि रत्नागिरी सोडून सगळे हिरवे. मी तेव्हाच बोल्लो होतो बाईंना, नाक लाल हाय म्हणून."

बोलले होते खरे. माझ्या वहीत कोपऱ्यात ते होतं. त्याच्यासाठी रकानाच नव्हता. सलमाने वही माझ्याकडून घेतली आणि दार लावून घेतलं. मग आठवडाभर ती आमच्या दोघांशीही बोलली नाही.

सदाशिवला त्याच संध्याकाळी मी आणि याकूबभाई दवाखान्यात घेऊन गेलो. तो वाटेत सारखा म्हणत होता, "चाचा, तुमी मला खोटं सांगितलं का उंदराला खोटं सांगितलं?" त्याचं नशीब, फार बिघडलं नव्हतं. पुन्हा गोळ्या सुरू झाल्या. पुढे तो रजेवर गावी गेला आणि परतही आला. अजून मला रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवतो.

मग तिने सगळं संस्थेच्या समितीला कळवलं. समितीने दोन गोष्टी ठरवल्या. प्रयोग पुन्हा करायचा, नव्या चोवीस उंदरांवर. आणि याकूबभाईंच्या कराराचं पत्र मागे घ्यायचं. मलाही ताकीद मिळाली, तीही लेखी. ती मी फाइलला व्यवस्थित लावून ठेवली आहे. सलमाने एकच मागणी केली की प्रयोग संपेपर्यंत याकूबभाईंना राहू द्यावं. मोठ्या साहेबांनी विचारलं, पुन्हा त्याच माणसावर भरवसा? ती म्हणाली, "उंदराची पाठ बघणारा दुसरा माणूस माझ्याकडे नाही." त्या वेळी तक्त्यात तिने एक नवा रकाना घातला होता. बसण्याची पद्धत: सरळ की वाकलेली.

नवे चोवीस आले त्या दिवशी याकूबभाईंनी त्यांना पिंजऱ्यांत सोडलं. प्रत्येक झाकणावर दोनदा टकटक. चोविसावं झाकण लावल्यावर मला म्हणाले, "बाई, हे चोवीस माझ्यामुळे आले. ते आधीचे दोन घास जेवले, त्याची किंमत हे भरणार." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हात हलवून मला थांबवलं आणि बाटल्या भरायला लागले. खोटी समजूत त्यांना चालायची नाही, आणि माझ्याकडे तरी दुसरी कुठली होती?

शेवटच्या चार दिवसांच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी खाद्य काढलं, खाद्याच्या पिंपाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "ही घरी न्या. माझ्यापाशी ठेवू नका." ते स्वतः घरी गेले नाहीत. परवानगी काढून खोलीच्या दाराशी थांबले, चारही रात्री. रमजान कधीच संपला होता. तरी त्या चारही दिवशी उंदरांचं काम होईपर्यंत त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही, हे मला कॅन्टीनच्या मॅनेजरने सांगितलं. तो डबा घेऊन आला होता, तो तसाच परत घेऊन गेला.

निकाल सांगून टाकते. हिरव्या कार्डाची यकृतं पांढऱ्यांपेक्षा जड नव्हतीच, थोडी हलकीच भरली. आणि हिरवे पुन्हा वाकून बसले. अर्काने यकृत वाढत नाही, उलट त्रास होतो, असं सलमाने लिहून छापायला पाठवलं. असल्या निकालाला कुणी कुनाफा आणत नाही.

ईरा, तू विचारलंस चांगला की वाईट. मी खूप वेळ विचार केला आणि तुला देण्यासारखी एक खूण मला सापडली नाही. शेवटच्या सकाळी मी काय पाहिलं तेवढं सांगते.

त्याच संध्याकाळी त्यांचं विमान होतं. हार नव्हता, फोटो नव्हता. ते कसे आले हे टपरीवर बसल्या बसल्या ठरणार होतं. मी नेहमीपेक्षा लवकर गेले. लांब पांढरा बोळ, त्याच्या टोकाला प्राणिगृहाचं दार, आणि दाराशेजारी एका लोखंडी स्टुलावर याकूबभाई बसलेले. सात वर्षांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. दोन्ही तळहात मांडीखाली दाबून ठेवले होते, लहान मुलं ठेवतात तसे. पाय जमिनीला घट्ट टेकलेले. नजर समोरच्या भिंतीवर. आत सहा उंदीर उपाशी होते, आणि त्यांच्या हालचालीचा भुशातला आवाज बोळापर्यंत येत होता.

मी भिंतीवर दोनदा टकटक केली. त्यांनी वर पाहिलं.

"बॅग भरली का?" मी विचारलं.

"भरली. डॉक्टर आली काय?"

"येतेय. तिचं काम नऊला. पलीकडच्या खोलीतल्यांना खायला घालायची वेळ झाली, त्यांचा उपास नाही. किल्ली आणलीय."

मी किल्ली पुढे केली. त्यांचा उजवा हात मांडीखालून थोडा बाहेर आला, आणि परत आत गेला.

"तुमी घाला, बाई," ते म्हणाले. "आधी कळवा फक्त."

मी पलीकडच्या खोलीत गेले, पिंप उघडलं, कांड्या भांड्यात घेतल्या. पहिल्या पिंजऱ्याच्या झाकणावर बोटाच्या मागच्या बाजूने दोनदा टकटक केली आणि क्षणभर थांबले. दाराच्या काचेतून ते माझ्याकडे बघत होते. अजून बसलेलेच होते.